धाकट्यासाठी थेंबांचा कानमंत्र

अरे, काचबिंदू निघाला म्हणून हातपाय गाळू नकोस. मागे लागून लागून तुला कल्याणला डोळ्यांचं प्रेशर तपासायला धाडलं, ते बरंच झालं. एका भावंडाला असला की बाकीच्यांनी पाहून घ्यावंच. आणि याला मोतीबिंदू समजू नकोस. मोतीबिंदू काढला की दिसायला लागतं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालायचे ते उरलेली राखायला.

इथेच माझी फसगत झाली. थेंब घालून जास्त काही दिसेना, आणि दुखत तर मुळातच नव्हतं. पहिल्या वर्षी तीन महिने बाटलीच आणली नाही. पुढे खडवली स्टेशनच्या पुलावर डाव्या अंगाने येणाऱ्या माणसांना धक्के द्यायला लागलो, तेव्हा उमगलं.

हात धुऊन खाटेवर उताणा पड. खालची पापणी बोटाने ओढली की खळगा होतो. नजर पंख्याकडे लाव आणि थेंब त्या खळग्यात सोड. बाटलीचं टोक कुठे टेकवू नकोस. हात थरथरतो? मनगट कपाळावर टेकव. तेही जमेना तर डोळा मीट, नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब सोड आणि मग पापणी उघड. आपसूक आत उतरतो. एकच थेंब! दुसरा मावत नाही, गालावरून ओघळतो. रात्रीच्या लॅटानोप्रोस्टच्या अडीच मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ८० थेंब असतात. ती २० दिवसांत संपली तर तू गालाला औषध पाजतोयस.

थेंब पडल्यावर मिचमिच करू नकोस. डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धर, नाहीतर औषध नाकावाटे घशात उतरतं, तोंड कडू होतं. नुसतं कडू होऊन भागत नाही. तुझ्या सकाळच्या बाटलीवर टिमोलॉल लिहिलंय आणि तुला दमा आहे. हे डॉक्टरांना सांगितलंस का? त्याने दमा उसळतो, नाडी मंदावते. आजच फोन कर, पुढचा थेंब विचारूनच घाल.

दोन औषधं एकाच वेळी घालायची असली की मध्ये निदान ५ मिनिटं जाऊ देत. मी पहिला थेंब घालून चहाचं आधण ठेवतो, चहा पिऊन झाला की दुसरा. दोन्ही बाटल्या हाताला सारख्याच लागतात म्हणून पहिलीला रबरबँड गुंडाळलाय.

लॅटानोप्रोस्ट फोडल्यावर २५ अंशांपर्यंत बाहेर चालते, पण मे महिन्यात खडवलीत २५ अंश कुठले! फ्रीजच्या दारात ठेव, बर्फाच्या कप्प्यात नको. गार थेंब डोळ्यात पडला की कळतोही. फोडल्याची तारीख बाटलीवर लिही. महिन्याने, उरली तरी, मी टाकून देतो. आणि आठवड्याचं औषध शिल्लक असतानाच नवी आण. पावसात गाडी टिटवाळ्याला अडकली की कल्याणचं दुकान परदेश होतं.

डोळे आले म्हणून मेडिकलवाल्याला विचारून कसलेही थेंब घालू नकोस. त्यात स्टिरॉइड असलं तर प्रेशर आणखी चढतं.

तपासणीच्या दिवशीही थेंब चुकवायचे नाहीत. दोन्ही बाटल्या पिशवीत टाक, आणि आपल्या माईलाही सोबत ने. तिचे डोळे तपासायचे अजून राहिलेत.