उद्योजक परिषदेला जाताय? मग हा हिशोब आधी करा



गेल्या आठवड्यात बॅचमधल्या एका ताईंनी विचारलं, "सर, पुण्यात उद्योजक परिषद आहे, तिकीट पंधराशे. जाऊ का?" त्यांचा कांदा-लसूण मसाल्याचा घरगुती धंदा आहे आणि गावात छोटं दुकान आहे. पंधराशे रुपये त्यांच्यासाठी लहान रक्कम नाही. म्हणून व्हिडिओत थोडक्यात सांगितलेला विषय इथे नीट लिहून देतोय.

माझं उत्तर होतं, जा. पण भाषण ऐकायला जाऊ नका, काम घेऊन जा. भाषणाचा जोश दोन-तीन दिवस टिकतो. चौथ्या दिवशी दुकानाचं शटर आपल्यालाच उघडायचं असतं.

१. आधी खरा खर्च काढा

तिकीट हा खर्चाचा एक तुकडा झाला. पूर्ण हिशोब असा:

- तिकीट: १,५०० रुपये
- एसटी आणि रिक्षा: ७०० रुपये
- चहा, जेवण: ३०० रुपये
- दुकान एक दिवस बंद: रोजची विक्री ८,००० धरली आणि त्यावर २० टक्के मार्जिन, तर बुडालेला नफा १,६०० रुपये

एकूण ४,१०० रुपये. आता हे पैसे २० टक्के मार्जिनने परत कमवायचे तर किती जादा विक्री लागेल? ४,१०० भागिले ०.२०, म्हणजे २०,५०० रुपये. परिषदेतून एवढी जादा विक्री, किंवा तेवढ्या किमतीची बचत, येत्या काही महिन्यांत होईल का? हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि मगच तिकीट काढा. ऐन सीझनमध्ये, म्हणजे राखी ते दिवाळी, परिषद असेल तर दुकान बंद ठेवण्याचा खर्च अजून वाढतो, तेही धरा.

२. परिषद कुणाची आहे ते बघा

सगळ्या परिषदा सारख्या नसतात. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स १९२७ पासून आहे, वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने सुरू झालेली संस्था. तिथे व्यापार-उद्योगाचे प्रश्न, सरकारी धोरण यावर जास्त बोललं जातं. 'टाय' ही संस्था १९९२ मध्ये सिलिकॉन व्हॅलीत सुरू झाली. तिथे स्टार्टअप आणि गुंतवणूकदारांची भाषा चालते. 'डिक्की' २००५ मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी सुरू केली, दलित उद्योजकांसाठी. मसाला विकणाऱ्या ताईंना गुंतवणूकदार नको आहे, किराणा दुकानदार हवे आहेत. मग त्यांनी कुठे जायचं हे आपोआप ठरतं.

३. तीन प्रश्न आणि एक ओळख

घरून निघताना तीन प्रश्न लिहून न्या. "धंदा कसा वाढवू?" हा प्रश्न नाही, ती इच्छा आहे. प्रश्न असा हवा: "२०० ग्रॅमच्या पाकिटासाठी कमी संख्येत छापील पाऊच कोण देतं?"

ओळखसुद्धा घरी बोलून बघा. "माझा मसाल्याचा बिझनेस आहे" एवढ्यावर समोरचा "अरे वा" म्हणून पुढे जातो. त्याऐवजी: "मी कांदा-लसूण मसाला बनवते. महिन्याला १५० किलो जातो, १० हॉटेलांना देते. पुण्यातल्या किराणा दुकानांपर्यंत पोचायचंय." आता त्याला कळतं की आपण काय मदत करू शकतो.

४. स्टेजपेक्षा चहाची रांग

स्टेजवर तो माणूस असतो जो टिकला. त्याच धंद्यात, तेवढीच मेहनत करून बंद पडलेले लोक स्टेजवर नसतात. म्हणून भाषण ऐकताना विशेषणं सोडा, आकडे टिपा. प्रश्नोत्तरात विचारा, "दुसऱ्या वर्षी उधारी किती अडकली होती? पगार कसे दिलेत?" इथून खरं शिकायला मिळतं.

माझ्या दुकानाला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट एका परिषदेत चहाच्या रांगेत मिळाली. शेजारी उभे असलेले इलेक्ट्रिकलचे दुकानदार म्हणाले, "ज्या मालाला ९० दिवस हात लागला नाही, त्याला मी लाल स्टिकर लावतो." तेव्हापासून मीही लावतो. कुठला माल पुन्हा भरायचा नाही, हे स्टिकर बघून कळतं.

सरकारी स्टॉल असेल तर तिथेही थांबा. जिल्हा उद्योग केंद्राच्या माणसाला कर्ज योजनेची कागदपत्रं विचारा. आणि एक लक्षात ठेवा, उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. त्यासाठी कुणी फी मागितली तर देऊ नका.

मोठा खरेदीदार भेटला तर भावाबरोबर पैसे किती दिवसांत मिळतील हेही बोला. एमएसएमई कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला, लेखी करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत. करार नसेल तर १५ दिवसांत. मात्र हे संरक्षण माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला ते धरता येत नाही.

५. शेवटचा तास सांभाळा

काही कार्यक्रमांत शेवटच्या तासाला संगीत वाढतं आणि घोषणा होते: "पंचवीस हजारांचा कोर्स, फक्त आज, फक्त इथे!" आजूबाजूचे लोक उठून टेबलाकडे पळतात. त्या क्षणी तुमच्या खिशात असतात ते दिवाळीच्या मालाचे पैसे, किंवा मुलांची फी.

नियम एकच: हॉलमध्ये पैसे द्यायचे नाहीत. माहितीपत्रक घ्या, रिफंडची अट लेखी मागा, तीन रात्री जाऊ द्या, घरच्यांशी बोला. कोर्स चांगला असेल तर तीन दिवसांनीही चांगलाच असेल. मी स्वतः ट्रेनर आहे, तरी हेच सांगतो. माझ्या कोर्सलाही हाच नियम लावा.

६. परतल्यावर

- ४८ तासांच्या आत: कामाच्या पाच लोकांना व्हॉट्सअ‍ॅप करा. कुठे भेटलो आणि काय बोललो, दोन ओळींत. नुसतं 'गुड मॉर्निंग' नको.
- ७ दिवसांत: त्यातल्या एकाला फोन करून भेट ठरवा किंवा सॅम्पल पाठवा.
- ३० दिवस: दुकानात एकच बदल करा आणि त्याचा आकडा रोज लिहा. दहा बदल एकदम केले तर कुठल्याने फायदा झाला ते कळत नाही.

महिना झाला की वहीचं पहिलं पान उघडा. २०,५०० पैकी किती आले? आकडा कमी असेल तर पुढची परिषद निवडताना तो उपयोगी पडेल.

आजचा गृहपाठ: तुमच्या रोजच्या विक्रीवर मार्जिन किती टक्के आहे ते काढा. तो आकडा हाताशी असल्याशिवाय कुठल्याही परिषदेचं तिकीट काढू नका.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, हिशोबाने करा!