आपला १७ सप्टेंबर

१५ ऑगस्टला आपण झेंडावंदन करतो. महिना होतो न होतो तोच १७ सप्टेंबरला परत करतो. माझी मामेबहीण पुण्याला आहे, तिच्या शाळेत हे नसते. ती म्हणाली, "तुम्हाला स्वातंत्र्य दोनदा मिळालं का गं?" म्हणून गुरुजींना आणि माझ्या पणजीला विचारून हा पाठ लिहिला आहे.

दोनदा नाही, उशिरा मिळाले.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी भारत स्वतंत्र झाला, तेव्हा आपले गाव भारतात नव्हते. ते हैदराबाद संस्थानात होते. तिथे निजाम मीर उस्मान अली खान याचे राज्य होते. संस्थानात १६ जिल्हे होते, त्यांपैकी मराठवाड्याचे ५. निजाम भारतात यायला तयार नव्हता. कचेरीत आणि वरच्या वर्गांत उर्दूच चाले. नाणेसुद्धा निराळे, त्याला हाली म्हणत. त्यावर चारमिनार असायचा. पणजीच्या डब्यात एक आहे. ते कागदाखाली ठेवून मी पेन्सिलीने उमटवले, बाजूला चिकटवले आहे बघा.

लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ. ते आधी शिक्षक होते, हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे शिकवीत. १९३८ साली उस्मानिया विद्यापीठातल्या मुलांनी वंदे मातरम् म्हटले म्हणून त्यांना काढून टाकले. एका गाण्यासाठी! आपण ते म्हणतो तर कुणी काही म्हणत नाही.

१९४८ मध्ये पणजी माझ्याएवढीच होती, दहा वर्षांची. रझाकार येणार अशी आवई उठली की बायापोरं ज्वारीत जाऊन बसायची. लेकरू रडलं की त्याच्या तोंडात गूळ द्यायचे. शेवटी एका रात्री घरातले सगळे बैलगाडीने बार्शीला गेले. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे भारतात. तिथल्या पोरांनी १५ ऑगस्ट केला होता. एका रात्रीच्या वाटेवर स्वातंत्र्य होतं, आणि पणजीच्या गावाला नव्हतं!

जाताना गाय शेजारच्या चाचांकडे बांधली. ते मुसलमान. त्यांनी ती सांभाळली. काही जण म्हणतात, भांडण हिंदू-मुसलमानांचं होतं. मला ते पटत नाही. हैदराबादेत शोएबुल्ला खान हे 'इमरोज' वर्तमानपत्राचे संपादक होते. संस्थानाने भारतात यावे असे ते लिहीत, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारताचे सैन्य आले. तेव्हा गृहमंत्री सरदार पटेल होते. पाच दिवसांत, १७ तारखेला निजाम शरण आला. म्हणजे आपल्याला तेरा महिने उशीर झाला.

सैन्य आल्यावर काही गावांत निरपराध मुसलमानांना त्रास झाला, असे गुरुजींनी सांगितले. पणजी म्हणती, तवा चाचांचं सगळं घरदार आठ दिवस आमच्या माळवदाच्या घरात होतं. ती त्यांना भाकरी नेऊन द्यायची. हे तिने भाषणात कधी सांगितलं नाही, कारण तिला भाषणाला कुणी बोलावतच नाही. यंदा गुरुजी बोलावणार आहेत. तिला ऐकू कमी येतं, प्रश्न मोठ्यानं विचारा.

— इयत्ता ४ थी