दृढीकरण संस्काराची तयारी: आधी कागद, मग कॅटेकिझम

दृढीकरण हा कॅथलिक चर्चच्या सात संस्कारांपैकी एक. बिशप उमेदवाराच्या कपाळावर क्रिझम तेलाने अभ्यंग करतात आणि पवित्र आत्म्याचे दान मुद्रांकित करतात. सध्याचा विधी पोप सहावे पॉल यांनी १९७१ मध्ये ठरवून दिला. हा संस्कार आयुष्यात एकदाच मिळतो.

उमेदवार बाप्तिस्मा झालेला असावा, त्याला पुरेसे धर्मशिक्षण मिळालेले असावे आणि बाप्तिस्म्याची वचने त्याला स्वतःच्या तोंडाने पुन्हा देता यावीत, असे १९८३ चा कॅनन कायदा सांगतो. किशोरवयीन मुले रविवारच्या कॅटेकिझम म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गांतून तयार होतात. प्रौढ बहुधा लग्न ठरल्यावर येतात, कारण फार मोठी अडचण नसेल तर लग्नाआधी दृढीकरण व्हावे, असाही नियम आहे.

तयारीतला खरा अडथळा नोंदवहीत असतो. नाशिक जिल्ह्यातल्या ओझरसारख्या गावी तो जास्त जाणवतो. १९६४ पासून इथे एचएएलचा विमान कारखाना आहे, वसाहतीत देशभरातून माणसे आली. त्यामुळे कित्येकांचा बाप्तिस्मा दुसऱ्याच जिल्ह्यात किंवा राज्यात झालेला. घरच्या पेटीतला जुना दाखला पुरत नाही. मूळ धर्मग्रामातून (पॅरिशमधून) नवा उतारा शेऱ्यांसह मागवावा, कारण पुढचे संस्कार बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारीच लिहिले जातात. केरळच्या सिरो-मलबार कुटुंबांनी तर हे आवर्जून पाहावे. त्यांच्या पौर्वात्य परंपरेत बाप्तिस्म्यासोबतच तैलाभ्यंग देण्याची रीत आहे. ते झाले असेल तर दृढीकरण पुन्हा होत नाही.

दुसरा अडथळा धर्ममाता किंवा धर्मपिता निवडण्याचा. ही व्यक्ती कॅथलिक, सर्वसाधारणपणे सोळा वर्षे पूर्ण झालेली, दृढीकरण व ख्रिस्तशरीर स्वीकारलेली आणि श्रद्धेने वागणारी असावी. सख्खे आईवडील चालत नाहीत. बाप्तिस्म्याच्या वेळचेच धर्मपालक असतील तर उत्तम.

प्रस्तुत लेखिकेची अडवणूक नेमकी इथेच झाली. जिल्ह्यातल्या एका धर्मग्राम कार्यालयात अर्ज भरताना तिने धर्ममाता म्हणून मावशीचे नाव दिले आणि ‘चर्च’ या रकान्यात ‘सी.एन.आय., नाशिक’ (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे प्रोटेस्टंट चर्च) असे स्वच्छ अक्षरात लिहिले. कार्यालयाने त्याखाली गोल शिक्का मारून अर्ज फाईलला लावला. वर्ग पूर्ण झाले, प्रार्थना पाठ झाल्या. बिशप येण्याच्या तोंडावर तालीम होती. फादर यादी वाचता वाचता मावशीच्या नावापाशी थांबले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “या चालणार नाहीत, या कॅथलिक नाहीत.” मावशी पहिल्याच बाकावर बसलेली होती. ती काही न बोलता उठून मागच्या बाकावर गेली. कार्यालयात विचारल्यावर उत्तर मिळाले, “हे तुम्हालाच माहीत असायला हवं होतं.” जी माहिती त्यांच्याच फाईलीत महिनोन्‌महिने पडून होती, तिचा दोष उमेदवाराच्या माथी मारला गेला. नियमाबद्दल तक्रार नाही. पण तो अर्जाच्या दिवशी सांगितला असता, तर एका भाविक बाईचा चारचौघांत अपमान झाला नसता.

नाशिक भागात एकाच घरात कॅथलिक आणि सी.एन.आय. नातेवाईक असणे नवे नाही. म्हणून अर्ज देतानाच धर्मपालकाचे नाव फादरांना स्वतः भेटून सांगावे; शिक्क्याला मंजुरी समजू नये. धर्मपालक दुसऱ्या धर्मग्रामातला असेल तर तिथल्या फादरांचे पत्र आणावे. अर्जाची प्रत व पोच आपल्याजवळ ठेवावी. बिशपांच्या भेटीची तारीख विचारून ठेवावी, कारण ती चुकली की पुढच्या भेटीपर्यंत थांबावे लागते. वर्ग बुडवू नयेत, रोज प्रार्थना करावी, संस्काराआधी पापनिवेदन करावे. नंतर दृढीकरणाची नोंद बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामाला कळवली गेली का, याची खात्री करावी. लग्नाच्या वेळी हाच शेरा शोधला जातो.

उमेदवाराने श्रद्धा घेऊन यावे. नियम पहिल्याच दिवशी समजावून सांगणे हे धर्मग्राम कार्यालयाचे काम आहे, आणि ते त्यांनी केलेच पाहिजे.