श्रीरामपूर ते वानखेडे : एका वेगवान गोलंदाजाची जडणघडण

क्रिकेटच्या खेळात सर्वाधिक शारीरिक कष्ट वेगवान गोलंदाजाच्या वाट्याला येतात, याविषयी जाणकारांत दुमत नाही. फलंदाजाची समज आणि फिरकी गोलंदाजाचे कसब वयाबरोबर पिकत जाते. वेगवान गोलंदाजाचे भांडवल मात्र त्याचा देह असतो आणि त्याची बरीचशी उधळपट्टी कोवळ्या वयातच होण्याचा धोका असतो. हे भांडवल कसे उभे राहते, कशाने झिजते आणि कसे राखता येते, हे समजून घेण्यासाठी आपल्याच राज्यातील झहीर खान यांची कारकीर्द अभ्यासण्याजोगी आहे.

तालुक्याच्या गावातून

झहीर खान यांचा जन्म ७ ऑक्टोबर १९७८ रोजी तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर येथे झाला. ऊस आणि साखर कारखान्यांच्या या परिसराला क्रिकेटची मोठी परंपरा नव्हती. अभियांत्रिकीच्या शिक्षणाची वाट समोर असताना, वयाच्या सतराव्या वर्षी वडिलांनी त्यांना मुंबईस आणले. देशात अभियंते पुष्कळ आहेत, तू वेगवान गोलंदाज हो, या आशयाचा सल्ला वडिलांनी दिल्याचे सर्वश्रुत आहे.

हा निर्णय धाडसाचा होता. पण तो फळास आला तो केवळ धाडसामुळे नव्हे. मुंबईत माजी कसोटीपटू सुधीर नाईक यांनी त्यांना नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये घेतले. पुढे माजी वेगवान गोलंदाज टी. ए. शेखर यांची दृष्टी त्यांच्यावर पडली आणि चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये त्यांना प्रवेश मिळाला. १९८७ साली स्थापन झालेल्या या संस्थेत ऑस्ट्रेलियाचे विख्यात गोलंदाज डेनिस लिली मार्गदर्शन करीत. वेग मूळचाच होता. त्याला व्यायामाची, शास्त्रशुद्ध शैलीची आणि देखरेखीची जोड येथे मिळाली.

मुंबईच्या संघात जागा मिळणे कठीण असल्याने ते बडोद्याकडून रणजी करंडक खेळले. २०००-०१च्या हंगामात बडोद्याने हा करंडक जिंकला. रेल्वेविरुद्धच्या अंतिम सामन्याच्या दुसऱ्या डावात झहीर यांनी ४३ धावांत ५ बळी घेतले. तत्पूर्वीच, ऑक्टोबर २०००मध्ये नैरोबी येथे त्यांचे आंतरराष्ट्रीय पदार्पण झाले होते. आपल्या बाविसाव्या वाढदिवशी त्यांनी ऑस्ट्रेलियाचा कर्णधार स्टीव्ह वॉ याचा यॉर्करवर त्रिफळा उडविला आणि साऱ्या देशाला हे नाव ठाऊक झाले.

प्रत्येक चेंडूची किंमत

वेगवान गोलंदाज चेंडू टाकताना धावत येऊन पुढचा पाय जमिनीवर रोवतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार त्या पायावर येतो आणि घोटा, गुडघा व कंबर या मार्गाने कण्यापर्यंत पोहोचतो. त्याच क्षणी कणा मागे वाकलेला, एका बाजूस झुकलेला आणि पिळलेला असतो. एका षटकात हे सहा वेळा घडते. बारा षटके टाकणारा मुलगा हा भार बहात्तर वेळा सोसतो. सरावातील चेंडू यात धरलेले नाहीत.

किशोरवयात हाडांची वाढ पूर्ण झालेली नसते. अशा वयात अतोनात गोलंदाजी केल्यास कंबरेतील मणक्याच्या हाडास ताणाने सूक्ष्म भेग पडू शकते. कंबर एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला, अशी विसंगत शैली असल्यास हा धोका वाढतो. म्हणून शैलीतील दोष लहानपणीच दुरुस्त होणे आवश्यक असते.

प्रौढ आणि कसलेल्या गोलंदाजाचीही यातून सुटका नसते. डिसेंबर २००३मध्ये ब्रिस्बेन कसोटीत झहीर यांनी ९५ धावांत ५ बळी घेतले. परंतु त्याच दौऱ्यात मांडीच्या मागील स्नायूच्या दुखापतीने त्यांना संघाबाहेर जावे लागले. जुलै २०११मध्ये लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी २ बळी घेऊन ते लंगडत मैदानाबाहेर गेले. चार कसोटींची ती मालिका भारताने सर्व सामने गमावून संपविली.

व्यवसायाची शिस्त

२००६ साली भारतीय संघातील स्थान गमावल्यावर झहीर यांनी इंग्लंडमधील वूस्टरशायर कौंटीशी करार केला. तेथे व्यावसायिक क्रिकेटपटूला हंगामभर आठवड्यामागून आठवडा खेळावे लागते. केवळ वेगावर विसंबून हे निभत नाही. त्यांनी धावत येण्याचे अंतर कमी केले, शक्ती राखून वापरली आणि चेंडू दोन्ही बाजूंना वळविण्याचे कसब घोटून घेतले. पहिल्याच सामन्यात त्यांनी १० बळी घेतले, एसेक्सविरुद्ध एका डावात १३८ धावांत ९ बळी घेतले आणि हंगामाअखेर त्यांची बळीसंख्या ७८ झाली.

या उमेदवारीचे फळ लवकरच दिसले. २००७च्या ट्रेंट ब्रिज कसोटीत त्यांनी ९ बळी घेतले. तो सामना जिंकून भारताने इंग्लंडमध्ये २१ वर्षांनंतर कसोटी मालिका जिंकली.

दोन अंतिम सामने या स्थित्यंतराची साक्ष देतात. २००३च्या विश्वचषकात १८ बळी मिळविणाऱ्या झहीर यांच्या अंतिम सामन्यातील पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडे मैदानावर त्यांनी पहिली तीन षटके निर्धाव टाकली आणि सुरुवातीच्या ५ षटकांत ६ धावा देऊन १ बळी घेतला. त्या सामन्याची खेळपट्टी ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाली, ते त्यांचे गुरू सुधीर नाईक होते. त्या स्पर्धेत झहीर यांनी २१ बळी घेतले. २०१५मध्ये ते आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या नावावर ९२ कसोटींत ३११ बळी होते. २०२०मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

गावपातळीवर काय करता येईल

प्रत्येक तालुक्यात एखादा तरी मुलगा असा असतो की ज्याच्या वेगाची चर्चा पंचक्रोशीत होते. गावोगावच्या स्पर्धांत एकाच दिवशी दोन-तीन सामने होतात आणि संघाची सारी मदार त्याच्यावर टाकली जाते. सोळाव्या वर्षी कंबर धरून बसलेला असा मुलगा पुढे कोणाच्या गणतीत राहत नाही. हे टाळणे फारसे खर्चाचे नाही.

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने अनेक वर्षे राबविलेला दंडक मार्गदर्शक ठरावा. त्यानुसार १३ वर्षांपर्यंतच्या वेगवान गोलंदाजाने सलग ५ आणि दिवसात १० षटके, १४ व १५व्या वर्षी सलग ६ आणि दिवसात १२ षटके, तर १६ ते १९ या वयात सलग ७ आणि दिवसात १८ षटके, याहून अधिक गोलंदाजी करावयाची नाही. शाळेतील क्रीडाशिक्षकांनी एका साध्या वहीत प्रत्येक मुलाच्या सामन्यांतील व सरावातील चेंडूंची नोंद ठेवावी. चेंडू टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूस कंबर दुखू लागल्यास आणि मागे वाकताना वेदना वाढल्यास गोलंदाजी तत्काळ थांबवून अस्थिरोगतज्ज्ञास दाखवावे. मालिश करून पुन्हा खेळविणे घातक ठरते.

स्पर्धा भरविणाऱ्या मंडळांना मैदानाची परवानगी देताना ग्रामपंचायतींना ही मर्यादा अट म्हणून घालता येईल. गुणी मुलाचे नाव जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांपर्यंत आणि जिल्हा क्रिकेट संघटनेपर्यंत वेळेवर पोहोचविणे, हेही गावाचेच काम आहे.

मुलाचे शिक्षण मात्र सुटू देऊ नये. झहीर यांच्यासारखा उत्कर्ष फार थोड्यांना लाभतो आणि एका दुखापतीने उमेदीची वर्षे वाया जाऊ शकतात. शिक्षणाचा आधार असेल तर खेळ थांबल्यावरही आयुष्य थांबत नाही. झहीर यांना नेमक्या वेळी वडील, गुरू आणि संस्था भेटल्या. पुढच्या मुलाला असा आधार योगायोगाने नव्हे, तर शाळा आणि पंचायत यांच्या दक्षतेने मिळावा, एवढे आपल्या हाती निश्चित आहे.