परदेशप्रवासातील फसवणूक : स्वरूप आणि सावधगिरी

परदेशी जाणाऱ्या माणसाला तेथील भाषा, भाव आणि रीतिरिवाज यांची पुरेशी माहिती नसते. फसवणूक करणारे या अज्ञानाचाच लाभ घेतात. त्यांची पद्धत समजण्यासाठी थायलंडचे उदाहरण उपयुक्त ठरेल, कारण तेथे दरवर्षी लाखो भारतीय जातात.

बँकॉकच्या राजवाड्याबाहेर नीटनेटक्या वेषातील एखादा गृहस्थ प्रवाशास अदबीने सांगतो की, धार्मिक विधीमुळे आज राजवाडा बंद आहे. मग तो दुसरी मंदिरे सुचवितो. अत्यल्प भाड्यात नेणारी तीनचाकी 'टुकटुक' जवळच उभी असते. वाटेतल्या मंदिरात आणखी एक अनोळखी माणूस भेटतो. रत्नांची सरकारी विक्री आजच संपत आहे, येथला नीलम मायदेशी दुप्पट भावाने विकला जातो, असे तो बोलण्याच्या ओघात सुचवितो. अखेर टुकटुक रत्नांच्या दुकानापाशी थांबते. खडे पुष्कळदा खरे असतात; किंमत मात्र त्यांच्या मोलाच्या कितीतरी पट घेतली जाते. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोघांनी एकच गोष्ट सांगितली, म्हणून प्रवाशाचा विश्वास बसतो. वस्तुतः ते एकाच साखळीतील असतात. राजवाडा एरवी रोज सकाळी 8.30 वाजता उघडतो. तो बंद आहे की काय, हे प्रवेशद्वारावरच विचारावे.

या प्रकारात फसवणुकीची तीन लक्षणे दिसतात : अनोळखी माणसाने आपण होऊन जवळीक साधणे, निर्णयाची घाई करणे आणि श्रमावाचून लाभाचे आमिष दाखविणे. तिन्ही एकत्र आढळताच तेथून निघून जावे.

पट्टाया व फुकेत येथील किनाऱ्यांवर पाण्यात चालविण्याची जेट स्की भाड्याने मिळते. ती परत करताना जुनेच ओरखडे दाखवून काही ठिकाणी भरपाई मागितली जाते आणि तारण म्हणून घेतलेले पारपत्र अडवून धरले जाते. 1967 च्या पारपत्र अधिनियमानुसार भारतीय पारपत्र ही केंद्र शासनाची मालमत्ता आहे. ते कोणाकडेही तारण ठेवू नये. फार तर छायाप्रत द्यावी. वाहन ताब्यात घेण्यापूर्वी त्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत.

याहून गंभीर प्रकार नोकरीच्या आमिषाचा आहे. थायलंडमध्ये संगणकावरील कामासाठी मोठा पगार देऊ, असे सांगून भारतीय तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमधील म्यावाडी भागात नेले जात असल्याचा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने 2022 साली दिला. तेथे त्यांना डांबून त्यांच्याकडूनच इतरांची ऑनलाइन फसवणूक करवून घेतली जाई. मार्च 2025 मध्ये अशा केंद्रांतून सुटलेल्या 549 भारतीयांना वायुसेनेच्या विमानांनी मायदेशी आणण्यात आले. दुरून डोंगर साजरे दिसतात. म्हणून घर सोडण्यापूर्वीच चौकशी करणे इष्ट. पर्यटकाच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, ही एक गोष्ट ठाऊक असली तरी मोठे संकट टळू शकते. 1983 च्या उत्प्रवासन अधिनियमाने नोंदणीपत्राविना परदेशी नोकरभरती करण्यास मनाई केली. दलालाचे नाव नोंदणीकृत आहे की नाही, हे शासनाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहता येते.

इतके करूनही फसवणूक झालीच, तर विलंब करू नये. बँकेला कळवून कार्ड ताबडतोब बंद करवावे. पावती, दुकानाचा पत्ता व वाहनाचा क्रमांक जपून ठेवावा. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा दूरध्वनी क्रमांक 1155 आहे. पारपत्र हरवल्यास किंवा अडविले गेल्यास भारतीय वकिलातीशी संपर्क साधावा.

फसलेला माणूस बहुधा लाजेने गप्प बसतो आणि त्याच्या मौनामुळेच दुसरा फसतो. गावातील शिक्षक व ग्रामपंचायतीचे सेवक यांनी परदेशी निघालेल्या तरुणाची कागदपत्रे एकवार वाचून पाहिली आणि परतलेल्यांचे अनुभव चारचौघांत सांगण्यास उत्तेजन दिले, तर अनेक कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी वाचू शकेल.