ग्राहकाची तक्रार : एका पुस्तकाचा धडा

माल विकला, पैसे गल्ल्यात पडले, म्हणजे व्यवहार पुरा झाला, अशी आपणांपैकी अनेकांची समजूत असते. वस्तुतः दुकानदाराची खरी परीक्षा ग्राहक तक्रार घेऊन परत येतो तेव्हाच होते.

बालाघाटास हवा तो मराठी ग्रंथ सहसा मिळत नाही. म्हणून अनेक शहरांत शाखा असलेल्या एका मोठ्या पुस्तक-दुकानाकडून आम्ही इंटरनेटवरून एक कोश मागविला. प्रत आली, परंतु सोळा पानांचा एक फर्माच तीत नव्हता. शाखेने मुख्य कार्यालयाकडे पाठविले, मुख्य कार्यालयाने माल पोचविणाऱ्यांकडे बोट दाखविले आणि त्यांनी प्रकाशकाकडे. उत्तरे सर्वांचीच नम्र होती; मात्र प्रत बदलून देण्याचा अधिकार एकासही नव्हता. बांधणीतील दोष कोणाच्याही हातून घडेल; ग्राहक दुखावतो तो अशा हेलपाट्यांनी.

याउलट मुंबईच्या ‘स्ट्रँड बुक स्टॉल’चे उदाहरण पाहावे. टी. एन. शानभाग यांनी तो १९४८ साली सुरू केला. माफक किंमत व वाचकांशी जिव्हाळा यांवर त्यांनी नाव मिळविले. २००३ साली ते पद्मश्रीने सन्मानित झाले. उत्तम सेवेने दुकान अमर होते असे नव्हे; २०१८ साली ते बंद पडले. तथापि वाचकांच्या मनातील त्याचे स्थान पुसले गेले नाही.

कायदाही आता ग्राहकाच्या दारी आला आहे. १९८६ च्या कायद्यानुसार विक्रेत्याचे ठिकाण किंवा तक्रारीचे कारण जेथे घडले ते ठिकाण पाहिले जाई. २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यान्वये ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढेही दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची आहे. २०२० च्या नियमांप्रमाणे इंटरनेटवरील विक्रेत्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी व एका महिन्यात निवारण करावे लागते.

मात्र हाच कायदा आपल्या पेढीसही लागू आहे, हे विसरून चालणार नाही. म्हणून पावती अवश्य द्यावी. तक्रार वहीत तारखेसह नोंदवावी. आणि दोषी माल बदलून देण्याची मुभा गादीवर बसलेल्या माणसास असावी. मोठ्या दुकानांच्या सवलतीशी आपली बरोबरी होणार नाही. परंतु समोरच्या ग्राहकास तत्काळ ‘होय’ म्हणणे आपल्या हाती आहे, आणि तेच आपले भांडवल होय.