पाचवे शील आणि माझा दादा

वसतिगृहातील रविवारच्या धम्मवर्गात पंचशीलाचा पाठ झाला. वर्ग सुटल्यावर सातवीतला एक मुलगा मागे रेंगाळला. पायाच्या अंगठ्याने फरशी घासत त्याने विचारले, ‘‘सर, माझे बाबा पौर्णिमेला विहारात शील घेतात आणि रात्री पिऊन येतात. मग ते खोटं बोलतात का?’’

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. हाच प्रश्न माझ्या थोरल्या भावाविषयी मी वर्षानुवर्षे मनात बाळगून होतो. या स्मरणिकेच्या निमित्ताने ते उत्तर मांडण्याचा प्रयत्न करतो.

दादा आगारात मेकॅनिक होता. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून तो बिघाड सांगत असे. मला या शाळेत आणून सोडले ते त्यानेच. माझी पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन तो स्थानकापासून चालत आला होता. अडतिसाव्या वर्षी तो गेला. पोटात पाणी झाले होते, डोळे हळदीसारखे पिवळे पडले होते. जलदान विधीला आलेल्या प्रत्येकाला मी सांगितले, ‘‘कावीळ झाली होती.’’ यकृत दारूने निकामी झाले होते, हे मी गिळून टाकले. दादाचे पाचवे शील मोडले होते. ते झाकण्यासाठी मी चौथे मोडत होतो.

आता शीलाचे शब्द पाहू. विनयातील स्पष्टीकरणानुसार ‘सुरा’ म्हणजे पीठ, भात इत्यादींपासून केलेले मद्य आणि ‘मेरय’ म्हणजे फुले, फळे, मध, गूळ यांपासून केलेले. ‘मज्ज’ म्हणजे मद आणणारे. ‘पमादट्ठान’ म्हणजे प्रमादाचे, बेसावधपणाचे स्थान. मद्य वर्ज्य ते यासाठी. सावधपणा सुटला की उरलेली चार शीलेही हातून निसटतात. आपण म्हणतो ते ‘सिक्खापद’, म्हणजे शिक्षापद. ही कोणा वरिष्ठाची आज्ञा नव्हे. आपण होऊन स्वीकारलेला शिकण्याचा नियम आहे. गणित चुकलेला विद्यार्थी पुन्हा वर्गात येऊन बसला, तर त्याला आपण ढोंगी म्हणत नाही.

याचा अर्थ चुकीचे परिणाम टळतात असा नाही. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी मद्यपानाचे सहा दोष सांगितले आहेत: धनहानी, कलह, रोग, अपकीर्ती, निर्लज्जता आणि प्रज्ञेची दुर्बलता. आमच्या घराने हे सहाही पाहिले. आधी पगार वाटेतच संपू लागला, मग आईच्या गळ्यातील पोत गेली. मग भांडणे, मग आजार. शेवटी ज्या हातांना नट-बोल्ट दिसावे लागत नव्हते, त्यांना सदऱ्याची गुंडी लावता येईना. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा का आहे, हे अशी घरे जाणतात.

या शीलामागची कथा मात्र आपण अपुरी सांगतो. सागत नावाच्या भिक्षूने आपल्या सामर्थ्याने एका भयंकर नागाला नमविले. कोसंबीच्या उपासकांनी कौतुकाने घरोघरी त्याच्यापुढे मद्य ठेवले. तो प्याला आणि नगराच्या वेशीत कोसळला. भिक्षूंनी त्याला उचलून विहारात आणले. नागाला जिंकणारा सागत आता पाण्यातल्या साध्या सापाशी तरी झुंजू शकेल काय, असे भगवंतांनी विचारले आणि मद्यपानाविरुद्ध नियम घातला. यात दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. सागताच्या हाती प्याला देणारे त्याचे चाहतेच होते. आणि अंगुत्तरनिकायात अग्रश्रावकांची जी नामावली आहे, तीत तेजोधातूत निपुण असणाऱ्यांमध्ये श्रेष्ठ म्हणून याच सागताचे नाव आहे. वेशीत पडलेल्या माणसाचे नाव संघाने पुसून टाकले नाही.

आम्ही दादाचे पुसले. लग्नपत्रिकेत त्याचे नाव घातले नाही. तो आला की दार लोटून घेतले. व्यसनाधीनता हा वैद्यकशास्त्राने मान्य केलेला आजार आहे, हे आम्हांस ठाऊक नव्हते. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. ते जीवावरही बेतते. म्हणून दारू सोडणे वैद्यकीय देखरेखीखाली व्हावे लागते. आम्ही मात्र त्याला शपथा घालून खोलीत कोंडत होतो. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र चालू होते. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा भरत होत्या. पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठीही अल्-अॅनॉनसारखे गट होते. तेथे जायचे तर आजाराचे नाव उच्चारावे लागले असते आणि आम्हांला लाज जपायची होती.

तेव्हा बाळा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. सकाळी शील घेताना तुझे बाबा बहुधा खोटे बोलत नसतात. रात्री ते आजारापुढे हरतात. त्या हरण्याची झळ तुला आणि तुझ्या आईला लागते. ती मुकाट्याने सोसणे म्हणजे करुणा नव्हे. घरात भीती वाटली तर मोठ्या माणसाला सांग, शिक्षकांना सांग. बाबांचे पिणे हा तुझा दोष नाही आणि ते सोडविणे हे तुझे एकट्याचे काम नाही. पालकहो, आपल्या घरी असा कोणी असेल तर त्याला ढोंगी म्हणण्याआधी डॉक्टरांकडे न्या.

यंदा दादाच्या स्मृतिदिनी पुण्यानुमोदन केले. भंतेजींसमोर, सर्व नातलगांसमोर मी प्रथमच सांगितले की दादा दारूच्या आजाराने गेला. मंडपात कोणी काही बोलले नाही. निघताना एक दूरच्या मावशी माझ्यापाशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘‘त्या केंद्राचा पत्ता लिहून देतोस का?’’